माळ्यावरचं बेणं

माझं माहेर सातगाव पठारावरचं, पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातलं. तिथे पावसाळी बटाटा म्हणजे घरचा वर्षाचा पगार. पहिल्या पावसावर लावायचा, गणपती-नवरात्राच्या सुमाराला काढायचा. बेणं यायचं जालंधरकडून, ट्रकने, मंचरच्या बाजारात. सासर मिळालं कुणकेश्वर. इथे समुद्र दारात, माती जांभ्याची, आणि परड्यात बटाटा लावायचं कोणाच्या मनातही येत नाही. रात्रीचा पारा विशीच्या वर रेंगाळायला लागला की बटाट्याचं झाड खाली कंद धरत नाही, नुसता पाला वाढवत बसतं. आणि आमच्या किनाऱ्यावर थंडीतल्या रात्रीही फारशा त्याच्या खाली उतरत नाहीत. म्हणून इथे बटाटा घाटावरून गोणीतून येतो आणि भाजीत संपतो.

बेणं राखायची कटकट मात्र इथेही आहे, माहेरापेक्षा जास्तच. परड्यात मांडवावर कणगर असतं. गावात त्याला कणगां म्हणतात. वेलीच्या बुडाशी घोसाने बटाट्याएवढे कंद धरतात, उकडले की गोडसर आणि पिठूळ लागतात. कुंपणावर करांदा चढलेला असतो, गडग्याच्या आडोशाला घोरकंद आणि सुरण. यातल्या कशाचंही बेणं ट्रकने येत नाही. पौष-माघात खणलं त्यातलंच थोडं बाजूला काढायचं आणि रोहिणी-मिरगाला परत मातीत घालायचं. मधले चारेक महिने कंद मरू द्यायचा नाही आणि वेळेआधी जागाही होऊ द्यायचा नाही. हे मी सासूबाईंकडून शिकले, आणि शिकताना सतत माहेरच्या बटाट्याशी ताडून पाहत राहिले. त्यातून जे पक्कं झालं ते लिहिते.

१. बेणं ढिगातून नाही, वेलीवरून निवडायचं.

कणगर खणून ओटीवर ओतलं की कोणता कंद कोणत्या वेलीचा, काही कळत नाही. म्हणून निवड खणण्याच्या दोन महिने आधी करायची. कार्तिकात पाला अजून हिरवा असताना सासूबाई मांडवाखालून फिरायच्या. जी वेल अंगाने भरलेली, जिची पानं एकसारखी हिरवी, तिच्या बुडाशी जुन्या लुगड्याची चिंधी बांधायच्या. पानावर पिवळे-हिरवे ठिपके पडलेले, पान आखडलेलं किंवा वेलच रोड, तर तिथे चिंधी नाही, मग खाली कंद कितीही निघोत. खणताना चिंधीच्या वेलींची टोपली वेगळी.

मला पहिल्यांदा हे फार सोवळं वाटलं होतं, कारण पठारावर आम्ही लहानपणी पाहिलेलं याच्या नेमकं उलट. मोठा बटाटा बाजाराला, मध्यम घराला, आणि ज्याला गिऱ्हाईक नाही ती गोल्टी बेण्याला. काटकसर म्हणून हे शहाणपणाचं दिसतं. खरं तर यात मोठी मेख आहे. बटाट्याचे विषाणूरोग मावा पसरवतो. रोगी झाडाला कंद बारीक धरतात आणि विषाणू त्या कंदातच मुक्काम करतो. म्हणजे ढिगातून बारीक बारीक बटाटे बेण्याला काढणारा शेतकरी नकळत रोगी झाडांचीच निवड करत असतो. एकदा नाही, दरसाल. तीन-चार हंगामांत ‘बेणं उतरलं’ म्हणतात ते हेच.

यावर तोड काढली सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेतल्या पुष्करनाथ यांनी. त्याआधी चांगलं बेणं हिमालयातच होतं असं धरून चालत, कारण थंडीत मावा नसतो. त्यांनी दाखवलं की उत्तरेच्या मैदानातही ऑक्टोबर ते डिसेंबर मावा फार थोडा असतो. तेवढ्या खिडकीत बेण्याचं पीक घ्यायचं, रोगट झाड दिसलं की कंदासकट उपटून टाकायचं, आणि जानेवारीत मावा वाढायच्या आत सगळा पाला कापून मोकळं व्हायचं. पाला नाही तर माव्याला बसायला जागा नाही, कंद जमिनीत सुरक्षित. जालंधरहून मंचरला ट्रक येतो तो या पद्धतीच्या जिवावर. सासूबाईंनी पुष्करनाथांचं नाव ऐकलं असण्याचं कारण नाही, पण नजर तीच: कंदाकडे बघू नको, झाडाकडे बघ.

यातून एक सोयही होते. चांगल्या वेलीचा मोठा कंद आणि लहान कंद, दोघांचं रक्त एकच. मग बेण्याला लहान ठेवून मोठा खाल्ला तरी बिघडत नाही. अट एवढीच की तो लहान कंद चिंधीच्या वेलीचा हवा.

२. शिवरात्रीच्या आधी बेणं नजरेआड झालं पाहिजे.

कुणकेश्वराची जत्रा माघ वद्य चतुर्दशीला. आसपासच्या गावांतल्या देवस्वाऱ्या समुद्रस्नानाला येतात, मुंबईचे चाकरमानी येतात, आणि घरात उपवासाची तोंडं वाढतात. उपवासाला काय, तर उकडलेलं कणगर आणि रताळी. म्हणजे वर्षात ज्या आठवड्यात बेणं राखायचं, नेमक्या त्याच आठवड्यात ते खाणारे सगळ्यात जास्त. देवाने हा योग मुद्दाम जुळवला असावा.

सासूबाईंचा उपाय सरळ होता. पाहुण्यांच्या आधी बेण्याची टोपली वर जायची. कोणी नातवंड शिडीला लागलंच तर आवाज यायचा: “ह्यां बेणां हा, खाऊचां न्हय. हात लावशात तर पुढच्या वर्सा गवात उकडून खाऊचा लागतला.” माळा होता तोवर मीही शिडीच काढून ठेवायचे.

किती ठेवायचं याचा त्यांचा हिशेब मात्र मला आजही पटतो. जितक्या आळ्यांत लावायचं तितकं धरायचं, वर त्याचा चौथा हिस्सा कुजण्या-सुकण्याला, आणि वर दोन मुठी मागायला येणाऱ्यांना. त्या वरच्या दोन मुठींबद्दल शेवटी सांगते.

३. वेल वाळू द्यावी, पण जमिनीच्या भरवशावर फार राहू नये.

पाला पिवळा पडून वेल सुकली की कंदाची साल बसते. अंगठ्याने घासून पाहावं; साल सुटली तर आठवडाभर थांबावं. मातीत ठेवलेला कंद सगळ्यात ताजा राहतो हे खरं, पण माती कोणा एकट्याची नसते. रानडुक्कर आहे, घूस आहे, वाळवी आहे. जुनं गावठी कणगर मुळांवर काटे घेऊन येतं. त्या काट्यांचा आपल्या बोटांना त्रास, डुकराच्या नाकाला त्याहून जास्त. म्हणून रानाच्या कडेला काटेरीच लावावं.

४. खरचटलेला कंद टोपात, माळ्यावर नाही.

कुदळ वेलीच्या बुडाशी कधीही घालू नये. हातभर लांबून माती सैल करत यावं आणि शेवटची माती हाताने उकरावी. इतकं करूनही काही कंद कापले जातातच. ते त्याच संध्याकाळी उकडायचे. कापलेला कंद ‘राख लावून बघू’ म्हणून बेण्यात गेला की शेजारच्या पाच जणांना घेऊन बुडतो.

पण न कापलेल्या कंदालाही बारीक ओरखडे असतातच, आणि ते भरून यायला वेळ द्यावा लागतो. कंद जिवंत असतो, त्यामुळे जखमेखाली तो नवी साल धरतो. मात्र त्याला त्यासाठी ऊब आणि दमटपणा लागतो. कणगर-घोरकंदाच्या कुळाला २९ ते ३२ अंश तापमान आणि भरपूर ओलसर हवा चार ते आठ दिवस मिळाली की जखमा चांगल्या भरतात. बटाट्याला हेच १५ अंशांच्या आसपास जमतं. म्हणून पठारावर काढलेला बटाटा सावलीत ढीग घालून ठेवला की काम होतं, आणि इथे माघातली पडवी आपणहून कणगराला हवी तेवढी ऊब देते. ओल तेवढी कमी पडते. त्यासाठी पडवीत कोरड्या भुईवर ढीग घालून वर कोरडं गोणपाट टाकते. कंदाचीच वाफ आत राहते. आठवड्याने गोणपाट काढलं की ओरखड्यांवर खरबरीत पापुद्रा आलेला दिसतो.

धुवायचं नाही. माती वाळली की हाताने झटकायची, बस. आणि उन्हात पसरायचं नाही. भाताच्या बियाण्याला ऊन दाखवून कडकडीत वाळवायचं आणि पेंढ्याच्या मुडीत आवळून बांधायचं, ही सवय हाताला इतकी असते की कंदालाही तेच करावंसं वाटतं. भात सुकून टिकतं, कंद सुकून मरतो. त्याला श्वास घ्यायला हवा लागते. मुडीत, प्लास्टिकच्या डब्यात किंवा गाठ मारलेल्या पिशवीत तो घुसमटून कुजतो.

५. आकाराचं भांडण वजनाने मिटतं.

तिरुवनंतपुरमला १९६३ पासून केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था आहे. तिकडच्या शिफारशी आणि आमच्या घरचा अंदाज आश्चर्य वाटावं इतके जवळ निघाले. कणगराचं बेणं अख्खं, शंभर ते दीडशे ग्रॅमचं. घोरकंदाचा तुकडा अडीचशे-तीनशे ग्रॅमचा. याहून लहान कंद उगवतो, पण त्याच्या पोटात शिदोरी कमी. पहिल्या पावसाने ओढ दिली तर वेल मांडवापर्यंत पोचत नाही. याहून मोठा लावला तर फायदा होतो थोडा आणि खायचं जातं फार. बटाट्याचं बेणं याच्या निम्म्याहून लहान चालतं, कारण बटाटा तीन-साडेतीन महिन्यांत काढायचा असतो. कणगराला आठ-नऊ महिने मुक्काम करायचा असतो.

६. कणगराला फ्रीज म्हणजे मरण.

हे अगदी ठळक सांगावंसं वाटतं, कारण मुंबईला बेणं नेणारा प्रत्येक जण पहिली गोष्ट हीच करतो. आमच्या एका नातलगाने डोंबिवलीच्या गॅलरीत गोणीमध्ये लावायला कणगरं नेली आणि ‘ताजी राहू देत’ म्हणून भाज्यांच्या कप्प्यात ठेवली. बाहेरून ठणठणीत, मेमध्ये कापून पाहिली तर आत तपकिरी आणि मऊ. हे कुळ उष्ण देशातलं. बारा अंशांच्या खाली ते फार दिवस राहिलं की आतल्या आत इजा होते, आणि बाहेर काढून ऊब दिली की सडायला लागतं.

बटाट्याची गोष्ट पार वेगळी. त्याचं मूळ अँडीज पर्वतात, थंडीत. त्याचं बेणं शीतगृहात दोन ते चार अंशांवर सहा-सात महिने मजेत झोपतं. माझ्या लहानपणी शीतगृहाचं भाडं सगळ्यांना परवडायचं नाही, तेव्हा शेतातच आरण घालत. झाडाच्या सावलीत बटाट्याचा ढीग, वर चारा-पाचट, उन्हाची तिरीप आत जाणार नाही अशी बेतशीर झाकणी. आजही भाव पडला की बटाटा आरणीत जातो. पण आरण ही भावासाठी थांबायची सोय. पुढच्या जूनपर्यंत बेणं न्यायला ती पुरत नाही. एप्रिलच्या उन्हात बटाटा जागा होतो, लांब पांढरे कोंब काढतो आणि सुरकुततो.

पेरूमधल्या लिमा इथल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने १९७०-८० च्या दशकांत यावर एक बिनखर्ची युक्ती गावोगाव पोचवली. बेण्याचा बटाटा अंधारात ठेवायचाच नाही. फळ्यांवर पातळ थरात, हवेशीर जागी, थेट ऊन नाही पण उजेड आहे अशा ठिकाणी ठेवायचा. उजेडात कोंब लांबत नाहीत, आखूड, जाड आणि हिरवट राहतात, लावताना मोडत नाहीत. बटाटा हिरवा पडतो, म्हणून तो खायचा नाही; पण लावायला काही अडचण नाही. शीतगृह नसलेल्या डोंगराळ गावांत हे चांगलं चाललं. मी कणगराला हा प्रयोग करून पाहिला. त्याला उजेडाचं काही सोयरसुतक दिसलं नाही. त्याचं घड्याळ वेगळं आहे.

७. माळा कुठला, हे बघून माळा.

जुन्या घरात बेणं चुलीच्या वरच्या माळ्यावर असायचं. चिव्याच्या काठ्यांची तट्टी, तिच्यावर भाताच्या तुसाचा आणि राखेचा थर, वर कंद एकाला एक न लागेल असे, परत थोडी राख. खालून रोज धूर. धुराने किडे लांब राहायचे, पहाटेची ओल धरायची नाही, आणि मंगलोरी कौलांच्या फटींतून वारा खेळायचा. आता चूल मागच्या दारी गेली, वर स्लॅब आला. स्लॅबखालचा पोटमाळा चैत्र-वैशाखात भट्टी होतो, पत्र्याखालचा त्याहून वाईट. तिथे बेणं ठेवणं म्हणजे ते हळूहळू भाजणं. स्लॅबच्या घरात उत्तरेकडची पडवी किंवा जिन्याखालची हवेशीर जागा बरी. मी जमिनीपासून कंबरभर उंच तट्टी बांधून घेतली आहे, तिच्या पायांना गुळगुळीत पत्रा गुंडाळलाय. उंदीर पायथ्याशी येतो, बघतो, जातो. सुतळीची शिंकी मला आवडत नाहीत. दिसायला छान, पण मधला कंद चेपतो आणि तिथूनच कुजायला लागतो.

आमच्या देवगड तालुक्यात आणखी एक अडचण, जी कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. एप्रिल-मे म्हणजे हापूस. पडवी, ओटी, माजघर, जिथे रिकामी जागा तिथे पेंढ्यात आंब्याची आढी. आढीला हवी ऊब आणि दडपण. बेण्याला हवी मोकळी हवा. त्यात एखादा आंबा गळला की चिलटं, रस, मुंग्या. दोघांना एका खोलीत ठेवायचं नाही. आणि जागेवरून वाद झाला तर जिंकतो आंबाच, कारण पैसे तो देतो. तेव्हा बेण्याची जागा आंब्याच्या आधी, फाल्गुनातच, ठरवून अडवून ठेवावी. घरातल्या पुरुषांना हे पटवायला दरवर्षी नव्याने सुरुवात करावी लागते.

८. ठेवलं आणि विसरलं असं नाही.

पंधरवड्यातून एकदा सगळं बेणं हाताखालून जाऊ द्यायचं. डोळ्यांपेक्षा नाक आधी सांगतं. आंबूस वास आला की कुठेतरी कंद मऊ पडलेला आहे. तो आणि त्याला टेकलेले उचलायचे, खालची राखही बदलायची. सालीवर पांढरट-करड्या बारीक खपल्या चिकटल्यासारख्या दिसल्या तर ती खवले कीड. ती रस शोषून कंद सुकवते आणि बेण्याबरोबर शेतात जाते. थोडी असेल तर काथ्याच्या कुंच्याने घासून काढते आणि राखेत घोळवते. अंगभर असेल तर तो कंद चुलीत. खतात टाकू नये, कारण खत परत परड्यातच येतं.

कंद थोडा सुरकुतला तर घाबरायचं कारण नाही. श्वास घेतो म्हणजे वजन घटणारच.

९. करांद्याला आणि सुरणाला हे सगळं लागू नाही.

करांदा वेलीवरच, पानांच्या बेचक्यात लागतो. खणायचं काम नाही. खाली पडलेला उचलून टोपलीत टाकला तरी तो टिकतो, आणि न उचललेला गडग्यात आपलाआपण उगवतो. पथ्य एकच. रानातला करांदा कडू असतो. खायच्या वेलीचं बेणं आणि कुंपणाबाहेरून मुलांनी गोळा करून आणलेलं बेणं एकत्र झालं की वेगळं करायला पुढचा हंगाम जातो. सुरणाचा जीव मधल्या डोळ्यात. तुकडे करताना प्रत्येकाच्या वाट्याला त्या डोळ्याचा अंश आला पाहिजे. तुकडे शेणकाल्यात बुडवून सावलीत वाळवावेत.

१०. कोंब येईपर्यंत बेण्याला हुकूम देऊ नका.

पहिल्याच वर्षी मी सासूबाईंना विचारलं होतं, “आई, याला डोळे कुठे आहेत?” त्या हसल्या. बटाट्याला डोळे असतात. कंद हातात घेतला की कोंब कुठून येणार ते दिसतं. कणगराला आणि घोरकंदाला असे तयार डोळे नसतात. वेलीला चिकटलेलं डोक्याकडचं टोक असतं, तिथून पहिला कोंब येतो. बाकी सालीखालून वेळ आली की कोंब घडतो. म्हणून घोरकंदाचे तुकडे केले की डोक्याचा तुकडा आधी उगवतो, मधला उशिरा, शेपटाचा त्याहून उशिरा. शेजारी-शेजारी लावले तर डोक्याची वेल मांडव घेऊन बसते आणि शेपटाची खाली गुदमरते. डोक्यांचा एक वाफा, बाकीच्यांचा दुसरा, एवढं केलं तरी पुष्कळ. कापलेल्या बाजूला राख लावून दोन दिवस सावलीत सुकवायचं.

कणगर अख्खंच लावायचं असतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न नाही. तिथे प्रश्न घाईचा. फेब्रुवारीत काढलेलं कणगर मार्चमध्ये पाणी मारून, ऊब देऊन उठवू म्हटलं तर उठत नाही. मे उजाडला की कोरड्या राखेत पडल्या पडल्या, पाण्याचा थेंब न मिळता, डोक्याशी टोचा काढतं. ते झोपणं आणि उठणं त्याच्या आतूनच ठरतं. आपलं काम फक्त टोचा आल्यावर त्याला जपून मातीत नेण्याचं. पहिला कोंब मोडला तर दुसरा येतो, पण तो उशिरा आणि अशक्त. रोहिणीत आळी तयार ठेवायची, शेणखत घालून, हात-सव्वा हातावर एक. कोंब हाताएवढे लांबायच्या आत लावून मोकळं व्हायचं. पाऊस आठवडाभर लांबला तरी मातीत पडलेलं बेणं माळ्यावरच्या बेण्यापेक्षा सुखात असतं.

११. एकाच जातीवर घर चालवू नये.

कंदाचं बेणं म्हणजे बी नव्हे; त्याच झाडाचा तुकडा पुन्हा लावलेला. गावभर एकच जात असेल तर गावभर एकच झाड आहे असं समजावं. आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्यावर करपा आला तेव्हा गरिबांच्या शेतांत बहुतेक ‘लंपर’ ही एकच जात होती. ज्या कंदांत रोग दडून बसला तेच पुढच्या वर्षी बेणं म्हणून मातीत गेले, आणि १८४६ मध्ये पीक जवळजवळ नाहीसं झालं. दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. त्यामागे राज्यकर्त्यांचा निष्ठुरपणाही होता, धान्य देशाबाहेर जात राहिलं, हे सोडून चालणार नाही. पण बेण्याची बाजू शिकण्यासारखी आहे.

आमच्या परड्यात जुनं काटेरी कणगर आहे आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं ‘कोकण कांचन’ही आहे. विद्यापीठाचं कंद मोठं देतं, सोलायला सोपं. जुनं चवीला वरचढ आणि डुकरांना तोंड देणारं. मला दोन्ही हवीत. तट्टीवर मात्र दोघांमध्ये लाकडाची फळी आणि खडूने नाव, कारण राखेत माखल्यावर सगळे कंद सारखेच. वेल उभी असताना ओळख सोपी असते. कणगराची वेल ज्या दिशेने काठीला विळखा घालते त्याच्या उलट घोरकंदाची, आणि घोरकंदाची काडी चौधारी असते. खणल्यावर या खुणा जातात.

१२. वरच्या दोन मुठी.

गावात बेणं विकत नाहीत, मागतात. मागणारा टोपली आणत नाही, पदरात किंवा टॉवेलात नेतो, आणि त्या वेळी त्याच्या घरचं काहीतरी देऊन जातो: मिरचीची रोपं, अळवाचे गड्डे, कधी नुसतीच कोकमं. सुरुवातीला मला हे दानधर्माचं वाटायचं आणि मी देताना जरा बारीक कंद निवडायचे. सासूबाईंनी ते पाहिलं आणि माझ्या हातातली टोपली घेऊन स्वतः चांगले चांगले निवडून दिले. कारण विचारलं तर म्हणाल्या, “आपला बेणां चार घरांत असला काय आपणाक झोप लागता.”

याचा अर्थ कळायला एक वर्ष डुकरांचं जावं लागलं. मार्गशीर्षात कळप परड्यात शिरला आणि मांडवासकट सगळं नांगरून गेला. काटेरीही त्यांनी सोडलं नाही. माळ्यावर ठेवायला मूठभरही उरलं नव्हतं. मग मिठबावला जावेच्या माहेरी गेलेलं आमचंच बेणं फाल्गुनात आमच्याकडे परत आलं, तेही निवडून, चिंधीच्या वेलीचं. तेव्हापासून कोणी बेणं न्यायला आलं की चांगलंच देते, आणि देतानाच सांगून ठेवते: पुढच्या माघात यातलं दोन मूठ माझ्या नावाने बाजूला काढ, आमच्याकडे डुक्कर येऊन गेला तर मागायला येणार आहे.